तेल दिसतं एकीकडे, गळतं दुसरीकडे

होळी झाली की मला येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. हिवाळाभर 'गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही' असं लिहिणारे वाचक मार्च लागला की 'गाडीखाली तेल पडतं' असं लिहू लागतात. नागपूरच्या उन्हात हे व्हायचंच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, गाडी दुपारभर उघड्यावर तापते आणि बॉनेटखाली तर भट्टीच पेटलेली असते. गरम तेल पातळ होतं आणि वर्षानुवर्षं भाजून कडक झालेलं रबर त्याला अडवू शकत नाही. हिवाळ्यात ज्या फटीतून नुसता ओलावा यायचा, तिथूनच उन्हाळ्यात थेंब सुटतो.

मी एकोणतीस वर्षं हिंगण्याच्या एसटी वर्कशॉपमध्ये इंजिनावर काढली. आता सक्करदऱ्याला घराच्या ओट्याला लागूनच छोटं गॅरेज आहे. या वेळी तेलगळतीचीच पत्रं एवढी आली की दुसरे विषय पुढच्या अंकावर ढकलतो.

प्रश्न : मिस्त्रीकाका, बाबांनी १९९७ साली घेतलेली मारुती ८०० माझ्याकडे आहे. कार्बोरेटरवाली, एमएच-३१ पासिंगची. बाबा गेल्यावर आई म्हणाली, ही गाडी विकायची नाही, म्हणून मी रोज प्रतापनगर ते सिव्हिल लाइन्स तिनंच जातो. दिवाळीपासून पोर्चच्या फरशीवर रोज सकाळी तळहाताएवढा डाग दिसतो. एका मिस्त्रीनं टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग बदललं. दुसऱ्यानं चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, खोलून त्याचं पॅकिंग टाकलं. डाग काही गेला नाही. आता तिसरा म्हणतो, मागचं क्रँक सील, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या मागच्या टोकाचं रबरी सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, सहा-सात हजार रुपये तयार ठेवा. महिन्याला पाव लिटर ऑइल वरून टाकावं लागतं. काय करू? — एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : गिअरबॉक्स उतरवू देऊ नका, भाऊ. निदान आत्ता तरी नाही.

आधी माझ्या हातून झालेली चूक सांगतो. नोकरीतून निवृत्त होऊन गॅरेज टाकलं त्याच वर्षी एका शाळेतल्या सरांची अशीच ८०० आली. बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या घराच्या तळातून तेल ठिबकत होतं. एसटीच्या इंजिनात तिथून तेल आलं की मागचं सील गेलं, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की मी वर डोकावूनही पाहिलं नाही. गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, उघडलंच आहे तर क्लच प्लेटही टाकली. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी सर हातात पुठ्ठा घेऊन गॅरेजच्या दारात उभे. रात्री गाडीखाली ठेवलेल्या त्या पुठ्ठ्यावर पहिल्यासारखाच काळा डाग होता. ते एक शब्दही रागानं बोलले नाहीत आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. मजुरीचे पैसे परत केले आणि मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं : इंजिन धुतलं.

तेल गळत होतं डिस्ट्रिब्यूटरजवळून, म्हणजे प्लगना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाजवळून. तुमच्या गाडीत बॉनेट उघडा आणि प्लगच्या वायरी जिथे गोळा होतात ते काळं टोपण शोधा. ते हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, गिअरबॉक्सकडच्या टोकाला, अगदी गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसलेलं आहे. तो डिस्ट्रिब्यूटर जिथे खोबणीत शिरतो तिथे एक रबरी ओ-रिंग असते आणि त्याचं घर हेडला जिथे जोडलंय तिथे पॅकिंग असतं. पंचवीस-तीस वर्षांत ती ओ-रिंग प्लास्टिकच्या बांगडीसारखी टणक होते. मग तेल सुटतं, हेडच्या पाठीवरून उतरतं, इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडात शिरतं आणि बेल हाउसिंगच्या तळातून ठिबकतं. खालून बघणाऱ्याला वाटतं, मागचं सील गेलं.

तेलाला दोन सवयी आहेत. एक, ते खाली उतरतं. दोन, गाडी धावताना वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून थेंब जिथून पडतो ती जागा बहुतेक वेळा गळतीची नसते. इंजिनावर जे सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं ओलं ठिकाण असेल, शोध तिथून सुरू करायचा. तुमच्या दोन मिस्त्र्यांनी पॅकिंग बदललं ते अंदाजानं. ती पॅकिंगं खराब असतीलही, पण तुमचा डाग त्यांच्यामुळे नव्हता.

आता हे घरी करा. एक रविवार पुरेल. इंजिन गार असताना डिस्ट्रिब्यूटर, अल्टरनेटर आणि कार्बोरेटरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी घट्ट बांधा. जुन्या पेंट ब्रशनं इंजिन डीग्रीझर लावा. ते नसेल तर डिझेलनंही मळी सुटते, पण डिझेल वापरलं तर नंतर साबणाचं पाणी मारून धुवायचं आणि इंजिन पूर्ण सुकेपर्यंत सेल्फ मारायचा नाही. खाली पत्र्याचं पसरट घमेलं ठेवा. ती काळी मळी गटारात सोडू नका, आपल्याकडचं गटार शेवटी नाग नदीलाच मिळतं. टॅपेट कव्हरची कड, हेड आणि ब्लॉकचा जोड, डिस्ट्रिब्यूटरची मान, फिल्टरच्या वरची जागा, पुढच्या पुलीची मागची बाजू आणि चेंबरची पूर्ण कड हे सगळं ॲल्युमिनियम चमकेपर्यंत पुसा. यात दोन तास गेले तर जाऊ द्या. शोधाचं निम्मं काम या पुसण्यातच होतं.

इंजिन सुकलं की घरातली टाल्कम पावडर घ्या. तळहातावर थोडी घेऊन फुंकर मारत प्रत्येक जोडावर पातळ थर बसवा. फिरत्या पट्ट्यांवर आणि वायरींच्या जोडांवर उडवू नका. मग इंजिन सुरू करून पंधरा मिनिटं तापू द्या, मधूनमधून थोडी रेस द्या. बंद करा आणि टॉर्चच्या उजेडात बघा. जिथे आत हात जात नाही तिथे दाढीचा छोटा आरसा सरकवा. मी दरवेळी हे बघतो आणि दरवेळी मला ते तितकंच आवडतं : पांढऱ्या पावडरीवर आधी टाचणीच्या डोक्याएवढा करडा ठिपका उमटतो, मग तो ओला होतो, मग त्यातून केसासारखी एक रेघ खाली सरकते. त्या रेघेचं वरचं टोक म्हणजे तुमची गळती. पंधरा मिनिटांत काही दिसलं नाही तर वर्धा रोडवर खापरीपर्यंत एक चक्कर मारून या आणि परत बघा. काही जोड तेल पुरतं तापल्याशिवाय सुटत नाहीत.

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा घाला आणि त्यावर पेननं चारही चाकांची जागा आखा. सकाळी डाग नेमका कशाखाली पडला ते कळतं. त्या तेलात बोट बुडवून वासही घ्या. इंजिन ऑइल काळपट असतं, जळकट वास येतो. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र दर्प असतो, एकदा घेतलेला तो वास माणूस विसरत नाही. तुमच्या डागात गिअर ऑइल असेल तर आत्तापर्यंतचा सगळा तपास चुकीच्या दिशेनं चालला होता.

आणि तुमच्या पत्रातला हिशोब जुळत नाही. तेलाचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. पाव लिटर म्हणजे पाच हजार थेंब. महिन्याच्या तीस रात्रींत वाटले तर एका रात्रीला दीडशेच्या वर थेंब झाले! तेवढं तेल पडलं असतं तर फरशीवर तळहाताएवढा डाग नसता, थारोळं असतं. म्हणजे बाकीचं तेल एक तर गाडी चालू असताना दाबानं बाहेर जातंय, नाही तर इंजिनात जळतंय. सकाळी पहिल्या सेल्फला सायलेन्सरमधून निळसर धूर निघून थांबत असेल तर व्हॉल्व्ह सीलवर संशय घ्या. चढावर, ॲक्सिलरेटर दाबल्यावर सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा. दोन्ही नसेल तर तेल वाटेवरच सांडतंय.

रिंगांवरून ब्रीदर आठवला. टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरच्या डब्याकडे एक रबरी पाइप जातो. पिस्टनच्या कडेनं निसटून खाली चेंबरमध्ये आलेला वायू त्या वाटेनं बाहेर जातो. हा पाइप काजळीनं आणि चिकट मळीनं बुजला तर आत दाब साठतो आणि तो दाब जिथे रबर कमजोर असेल तिथून तेल ढकलतो. आज टॅपेट कव्हर, उद्या पुढचं सील, परवा तेल मोजायच्या दांडीच्या भोकातून. नवीन पॅकिंग टाकूनही महिन्याभरात दुसरीकडून गळती सुरू झाली तर आधी ब्रीदर काढून बघा. इंजिन मंद चालू असताना तेल टाकायचं टोपण सैल करून वर नुसतं ठेवा. ते जागच्या जागी थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल किंवा भोकातून फुसफुस धूर येत असेल, तर पाइप साफ करा. पाइप साफ असूनही तसंच होत असेल तर रिंगा घासल्या आहेत आणि मग सील बदलण्यात पैसे घालण्याआधी इंजिनाचं कॉम्प्रेशन मोजून घ्या.

डिस्ट्रिब्यूटरची ओ-रिंग बदलायला सोपी आहे, पण एक काळजी घ्या. काढण्याआधी त्याच्या अंगावर आणि हेडवर मिळून एक रेघ ओढा, टोपण काढून आतला फिरता तुकडा, म्हणजे रोटर, कुठे बघतोय त्याचीही खूण करा. त्याचा गिअर तिरक्या दात्यांचा आहे, त्यामुळे बाहेर ओढताना रोटर थोडा फिरतो. घाबरायचं नाही. बसवताना तेवढाच आधी मागे धरून आत सोडला की तो खुणेवर येतो. नवीन ओ-रिंगला तेलाचं बोट लावूनच बसवा, कोरडी बसवली तर आत जातानाच चिरते. टोपणाच्या आतच तेल साचलेलं दिसलं तर मात्र ओ-रिंगनं भागायचं नाही, डिस्ट्रिब्यूटरच्या आतलं सील गेलंय.

एवढं सगळं करून वरचं सगळं कोरडं आहे आणि तरी बेल हाउसिंगच्या तळातून इंजिन ऑइलच येतंय, शिवाय क्लच घसरतोय असं दिसलं, तर तुमचा तिसरा मिस्त्री बरोबर आहे. मग गिअरबॉक्स उतरवा आणि त्याच खर्चात क्लच प्लेट बघून घ्या. पण एक सांगा त्याला : जुन्या सीलचा ओठ जिथे घासत होता तिथे क्रँकवर नखाला लागेल अशी खाच पडली असेल, तर नवीन सील त्याच खोलीवर ठोकू नये. दीड-दोन मिलिमीटर अलीकडे ठेवावं, म्हणजे ओठ नव्या गुळगुळीत जागेवर येतो. जागा नसेल तर क्रँकवर चढवायची पातळ स्टीलची बाही मिळते. सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे आणि ओठाला तेल लावून. कोरडं सील पहिल्या मिनिटातच भाजतं.

प्रश्न : काका, माझी २००४ ची झेन आहे. व्हरायटी चौकाच्या सिग्नलला थांबलं की आत जळकट वास येतो आणि कधी कधी बॉनेटच्या फटीतून थोडा पांढरा धूर निघतो. गाडी चालत असली की वास जातो. मिस्त्रीनं दोनदा टॅपेट कव्हरचे नट आवळून दिले, आठ दिवस बरं वाटतं, मग तेच. यात आगीचा धोका आहे का? मुलाला शाळेत सोडायला हीच गाडी आहे. — एक वाचक भगिनी, मानेवाडा

उत्तर : ताई, धोका आहे, म्हणून याला पुढच्या पगारापर्यंत थांबवू नका. टॅपेट कव्हरमधून सुटलेलं तेल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला गरम धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर, पडतं आणि तो धूर त्याचाच. गाडी चालताना वारा वास मागे नेतो, सिग्नलला थांबलं की तो आत शिरतो. थेंबाथेंबानं पडणारं तेल बहुतेक वेळा नुसतं धुरतं. पण तिथेच तेलानं भिजलेली चिंधी अडकलेली असेल किंवा इंजिनाखालचं कापडी आवरण तेलानं तुंबलेलं असेल तर ते पेट घेऊ शकतं. आजच बॉनेट उघडून, इंजिन गार असताना, तिथे अडकलेला पालापाचोळा आणि चिंध्या काढून टाका. रस्त्यात धूर वाढला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, मुलाला आधी उतरवा. बॉनेट एकदम पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की ज्वाळा उठते.

नट आवळणं हा उपाय नाही, त्यानं काम बिघडतं. ते नट छोटे असतात. त्यांना अगदी थोडीच ताकद लागते, म्हणजे छोट्या रॅचेटला मनगटानं, कोपर न वापरता. जास्त ओढलं की नटाजवळ पॅकिंग चेपतं आणि दोन नटांच्या मध्ये कव्हर कमान धरतं. मग तेल त्या कमानीखालून येतं. अजून ओढलं तर ॲल्युमिनियममधले आटे जातात आणि साध्या पॅकिंगच्या कामाचं हेलिकॉइलचं, म्हणजे भोकात नवे आटे बसवायचं, काम होतं.

तुमच्या मिस्त्रीकडून नवीन पॅकिंग टाकून घ्या आणि जवळ उभं राहा. कव्हर काढल्यावर जुनं पॅकिंग हातात मागा. नखानं दाबून बघा. चांगल्या रबरावर नखाची खूण क्षणभर उमटते आणि भरून येते. तुमचं बहुतेक दाबलंच जाणार नाही, वाकवलं तर पापडासारखं कडकन तुटेल. इतकी वर्षं गरम इंजिनावर बसल्यावर त्याचं दुसरं काही होत नाही.

मग हेडवरची ती कड साफ होताना बघा. मिस्त्री पॉलिश पेपर किंवा स्क्रू ड्रायव्हर घेऊन खरवडायला लागला तर थांबवा. ॲल्युमिनियम मऊ असतं, एक ओरखडा म्हणजे तेलाला नवी वाट, शिवाय पेपरची रेती आत पडते आणि तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत जाते. प्लास्टिकची पट्टी आणि थिनरमध्ये भिजवलेली चिंधी पुरते. कव्हर काचेवर, पॅकिंगची कड खाली येईल असं ठेवून चारही बाजूंनी बघा, डोलत असेल तर ते वाकलंय.

सिलिकॉनबद्दल मी कडक आहे. रबरी पॅकिंगला पूर्ण कडेनं सिलिकॉन फासायचा नाही. जिथे कॅमच्या टोकाला अर्धगोल चढ येतो आणि सरळ कडेशी कोपरा होतो, तिथे फक्त तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका. जास्त लावलेला सिलिकॉन आतल्या बाजूला फुगतो, त्याची सुतळी तुटून तेलात पडते आणि चेंबरमध्ये ऑइल पंपाच्या जाळीला चिकटते. जाळी बुजली की तेलाचा दाब जातो. अशी इंजिनं मी उघडली आहेत. बाहेरून एकदम कोरडी, आतून बेअरिंग काळी पडलेली.

काम झाल्यावर मॅनिफोल्डवरचं जुनं तेल जळून जाईपर्यंत दोन-तीन दिवस थोडा वास येईल. आठवड्यानंतरही आला तर मला परत लिहा.

प्रश्न : सर्व्हिसिंग करून बुटीबोरीला जात होतो, वाटेत ऑइलचा लाल दिवा लागला. खाली बघितलं तर फिल्टरजवळून तेलाची धार. टो करून आणली. मिस्त्री म्हणतो फिल्टर डुप्लिकेट. — एक वाचक, मनीषनगर

उत्तर : दिवा लागल्यावर गाडी बंद केलीत म्हणून इंजिन वाचलं. फिल्टर डुप्लिकेट असेलही, पण आधी तो काढून त्याच्या बसायच्या जागेवर बोट फिरवा. जुन्या फिल्टरचं रबरी रिंगण बऱ्याचदा तिथेच चिकटून राहतं आणि नवा फिल्टर त्याच्यावर आवळला जातो. दोन रिंगणं एकावर एक बसली की दाब आल्यावर ती सरकतात आणि तेल एकदम बाहेर. नव्या फिल्टरच्या रबराला तेल लावा, हातानं टेकेपर्यंत फिरवा, मग हातानंच पाऊण फेरा. पान्यानं नाही. ड्रेन बोल्टखालचा वॉशरही दरवेळी नवा.

प्रश्न : गळती थांबवणारं औषध बाटलीत मिळतं, ते टाकलं तर चालेल का? गाडी जुनी आहे, मी विद्यार्थी आहे, खर्च झेपत नाही. — एक वाचक, हिंगणा

उत्तर : ते औषध रबराला थोडं फुगवतं आणि मऊ करतं. कडक झालेल्या सीलमधून नुसता ओलावा येत असेल तर काही महिने फरक पडतो. फाटलेलं सील, वाकलेला चेंबर किंवा बुजलेला ब्रीदर त्यानं बरा होत नाही, आणि वारंवार टाकलं तर सील इतकं मऊ होतं की आकारच सोडतं. तुझे पैसे मी दुसरीकडे लावीन, बेटा. आधी एकही पैसा न लावता ब्रीदर साफ कर. मग बघ की कोणी पातळ तेल तर टाकलं नाही ना. जुन्या इंजिनाला २०डब्ल्यू-४० किंवा पुस्तकात लिहिलेलं तेच तेल लागतं, नव्या गाड्यांसाठीचं ०डब्ल्यू-२० नाही. आणि दर रविवारी दांडी काढून तेल बघ. हळूहळू गळणाऱ्या गाडीवर वर्षानुवर्षं फिरता येतं, फक्त तेल खालच्या खुणेच्या खाली जाऊ द्यायचं नाही.

प्रश्न : माझ्याकडे १९८२ ची ॲम्बेसेडर आहे, जुनं पेट्रोल इंजिन, १४८९ सीसीचं. रामटेकला घर आहे, अंगण उताराचं आहे. मागून, क्लच हाउसिंगच्या भोकातून थेंब थेंब तेल पडतं. तीन वेळा दुरुस्ती झाली. ही गाडी कोरडी होईल का हो? — एक निवृत्त वाचक, रामटेक

उत्तर : काका, तुमचं पत्र मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. वडिलांच्या मित्राकडे अशीच पांढरी ॲम्बेसेडर होती आणि तिच्या बॉनेटवर बसून मी पहिल्यांदा इंजिन पाहिलं.

खरं सांगतो, मागून ती पूर्ण कोरडी होणार नाही आणि तो दोष कोणा मिस्त्रीचा नाही. हे इंजिन मुळात ब्रिटिश बीएमसी बी-सिरीजचं. त्यात क्रँकच्या मागच्या टोकाला आजच्यासारखं रबरी सीलच नाही. क्रँकवर स्क्रूसारखी उलटी चकरी कोरलेली आहे. क्रँक फिरला की ती चकरी बाहेर येणारं तेल आत ओढते. इंजिन चालू असताना हे छान चालतं. बंद झाल्यावर चकरी थांबते आणि त्या फटीत जे उरलं असेल ते सावकाश बाहेर येतं. तीनदा दुरुस्ती करूनही थेंब पडतो तो म्हणूनच.

पण अंगणातला उतार तुम्हीच लिहिलाय आणि त्यावर तुम्ही काही करू शकता. गाडी तोंड चढाकडे करून लावत असाल तर चेंबरमधलं तेल मागच्या टोकाला जमतं. तोंड उताराकडे करून लावा, मागच्या चाकाला दगड लावा आणि आठ दिवस पुठ्ठा बघा. तेलाची पातळीही दांडीच्या वरच्या खुणेपर्यंत भरू नका, दोन खुणांच्या मध्ये ठेवा. ब्रीदर या इंजिनात विशेष महत्त्वाचा आहे : आत दाब वाढला तर त्या चकरीला तेल ओढता येत नाही.

बाकीची गळती मात्र थांबवता येते. इंजिनाच्या डाव्या अंगाला, मॅनिफोल्डच्या मागे खाली, टॅपेटच्या कप्प्यावर पत्र्याची दोन झाकणं आहेत. समोरून दिसत नाहीत, म्हणून कोणी हात घालत नाही. त्यांची बुचाची पॅकिंगं मॅनिफोल्डच्या धगीनं सुकून भुगा होतात आणि तेल ब्लॉकवरून ओघळत मागे जातं, तुमच्या त्याच भोकापर्यंत. मला दाट शंका आहे की तुमच्या थेंबांपैकी निम्मे तिथलेच आहेत. पावडरीची युक्ती वर लिहिली आहे, ती आधी या झाकणांवर करून बघा.

झाकण प्रत्येकी एकाच बोल्टवर, मध्यभागी धरलेलं असतं. कोणीतरी तो बोल्ट पूर्वी जोर लावून आवळलेला असणार, त्यामुळे पत्रा मध्ये खोल गेलेला आणि कडा उचललेल्या दिसतील. झाकण काढून लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर ठेवा, छोट्या हातोडीनं कड हळूहळू सरळ करा, काचेवर ठेवून तपासा. नवीन बुचाचं पॅकिंग रात्रभर झाकणालाच शेलॅकनं चिकटवून ठेवा, म्हणजे अडचणीच्या जागेत बसवताना घसरत नाही. ब्लॉकच्या बाजूला काही लावू नका. बोल्टखालचा वॉशर नवा घ्या, कारण बोल्टाच्या मानेतूनही तेल येतं. आणि आवळताना पॅकिंग दबायला लागलेलं दिसलं की अर्धा फेरा, तिथेच थांबा.